‘ॲट फॉल्सम प्रिझन’ : पुन्हा एकदा सुईखाली

अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅशच्या ‘ॲट फॉल्सम प्रिझन’ या, तुरुंगात कैद्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डची माझ्याकडची प्रत आता बरीच झिजली आहे. कव्हरच्या कडा पांढुरक्या पडल्या आहेत, आतल्या कागदी पिशवीची एक बाजू उसवली आहे आणि कॅश आपले नाव सांगतो त्याच्या अगदी अलीकडे सुई दोनदा टिकटिकते. ती टिकटिक मला आता ध्वनिमुद्रणाचाच भाग वाटू लागली आहे. मधली काही वर्षे मी हा कार्यक्रम कामे करता करता, इअरफोनवर, सुटीसुटी गाणी निवडूनच ऐकत होते. अलीकडे प्लेअरची सुई बदलली, तेव्हा नव्या सुईखाली पहिली रेकॉर्ड हीच लावली आणि दोन्ही बाजू, मध्ये न उठता, सलग ऐकल्या. इतकी वर्षे मी या रेकॉर्डवर गायकालाच ऐकत आले होते. या वेळी मात्र कान समोर बसलेल्या माणसांकडे गेले आणि हाच कार्यक्रम मला नव्याने ऐकू आला.

१३ जानेवारी १९६८ रोजी, कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात कॅशने एका दिवसात दोन कार्यक्रम केले, एक सकाळी आणि दुसरा दुपारी. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे त्याने खूप आधी, अमेरिकी हवाई दलात असताना जर्मनीत लिहिले होते. फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट तिथे पाहण्यात आला, ते त्याचे निमित्त. चाल आणि शब्दांचा काही भाग त्याने गॉर्डन जेंकिन्स यांच्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’ या गाण्यावरून घेतला होता आणि त्याची भरपाई पुढे त्याला द्यावी लागली, ही गोष्टही या गाण्याच्या चाहत्याने मनाआड करू नये. १९५५ मध्ये सन रेकॉर्ड्स या कंपनीसाठी ते ध्वनिमुद्रित झाल्यापासून तुरुंगांतून त्याला पत्रे येऊ लागली, पुढे आमंत्रणेही आली. तुरुंगातला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावा, ही कॅशची कित्येक वर्षांची इच्छा होती. त्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीत त्याबद्दल उत्साह नव्हता. बॉब डिलनच्या ध्वनिमुद्रिकांचे निर्माते म्हणून नाव मिळवलेले बॉब जॉन्स्टन कॅशच्या कामावर आले आणि त्यांनी होकार दिला, तेव्हा कुठे हे घडले.

त्या वेळी कॅशचे दिवस चांगले नव्हते. गोळ्यांच्या व्यसनाने त्याचा आवाज, प्रकृती आणि नाव या तिन्हींची हानी केली होती आणि व्यसनातून तो नुकताच सावरू लागला होता. प्रत्यक्ष शिक्षा भोगायला तो कधीच तुरुंगात गेला नव्हता. किरकोळ अटकांपायी काढलेल्या काही रात्री, एवढाच त्याचा कोठडीशी संबंध. तरीही समोरच्या माणसांशी तो ज्या सुरात बोलतो त्यात उपकाराचा किंवा उपदेशाचा लवलेश नाही. या रेकॉर्डविषयी माझे जे प्रेम आहे त्याचे मूळ मला तिथेच सापडते.

सुरुवातीलाच ते प्रसिद्ध वाक्य येते. कॅश शांतपणे स्वतःचे नाव सांगतो आणि सभागृह दुमदुमून जाते. सूत्रसंचालक ह्यू चेरी यांनी कैद्यांना आधीच बजावून ठेवले होते, की कॅश मंचावर आला तरी गप्प राहायचे आणि त्याने नाव सांगितले की मगच दाद द्यायची. म्हणजे तो जल्लोष ठरवून घेतलेला आहे. पहिल्या गाण्यात, रीनोमध्ये केवळ मरताना पाहावे म्हणून एका माणसाला गोळी घातल्याची ओळ येते आणि तिच्या पाठोपाठ कैद्यांचा आनंदाचा चीत्कार ऐकू येतो. तो तर त्या क्षणी तिथे झालाच नव्हता. मूळ टेप ऐकलेल्या अभ्यासकांनी हे दाखवून दिले आहे, की तो आवाज संपादनाच्या वेळी तिथे जोडण्यात आला. ज्या चीत्काराने या रेकॉर्डला तिची दरारा वाटावा अशी प्रतिमा दिली, तो संपादनाच्या टेबलाशी बसून बेतलेला आहे.

हे प्रथम कळले तेव्हा मी खट्टू झाले होते आणि काही काळ ते पहिले गाणे मला खोटे वाटत राहिले. आता तसे वाटत नाही, पण ही जोडणी योग्य होती असेही मी म्हणणार नाही. खुनाच्या ओळीवर हर्षभरित होणारा जमाव म्हणून त्या माणसांना जगापुढे उभे करणे हा त्यांच्यावर अन्याय होता, आणि ही रेकॉर्ड मनापासून आवडणाऱ्यांनी तो अन्याय म्हणूनच ओळखला पाहिजे. मात्र ही एक गोष्ट माहीत झाल्यामुळे माझे ऐकणे सुधारले. ठरवून घेतलेली दाद कोणती आणि मागाहून जोडलेली कोणती हे एकदा ध्यानात आले, की बाकीच्या पाऊण तासात जे आपोआप उमटले आहे त्याकडे कान लागतात. ते पुष्कळ आहे आणि या दोन्हींपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

दुसऱ्याच गाण्यात त्याचा पुरावा मिळतो. मर्ल ट्रॅव्हिस यांचे ‘डार्क ॲज द डंजन’ हे खाणकामगारांचे गंभीर, संथ गाणे आहे. ते गाताना समोरून कुणीतरी काहीतरी केले असावे, कारण कॅशला गाता गाता हसू फुटते. गाणे चालू असताना हसू नका, असे तो दटावल्यासारखे करतो आणि पुन्हा सूर पकडतो. कार्यक्रम रेकॉर्ड होत असल्याने अमुक शब्द तोंडातून काढता येणार नाहीत, हे सांगताना तो नेमका तोच शब्द बोलून जातो, आणि मूळ रेकॉर्डवर तिथे शब्द झाकणारी शिटी ऐकू येते. स्टुडिओत असे हसू फुटले असते, तर गाणे पुन्हा मुद्रित केले गेले असते. इथे ते राहिले, आणि पहिल्या ओळीपासून सभागृहावर असलेला ताण ओसरत चालल्याचे आपल्याला कानांनी कळते. अधूनमधून ध्वनिक्षेपकावरून एखाद्या कैद्याला क्रमांकाने पुकारले जाते. गाणी संपली तरी ही माणसे कुठे आहेत, हे त्या क्रमांकांइतके थेट दुसऱ्या कशानेही कळत नाही.

‘कोकेन ब्लूज’ हे माझ्या मते पहिल्या बाजूवरचे सर्वांत जिवंत गाणे आहे. मूळ गाण्यातला गुन्हेगार शिक्षा होऊन सॅन क्वेंटिन या दुसऱ्या तुरुंगात जातो. कॅशने तिथे फॉल्समचे नाव घातले आहे. ते नाव आल्यावर उठणारा गलबला ऐकून पाहावा. आपल्या जागेचे नाव गाण्यात ऐकल्यावर माणूस जसा हसत ओरडतो तसा तो आहे, आणि त्याचा सूर पहिल्या गाण्यातल्या जोडलेल्या चीत्काराहून सर्वस्वी वेगळा आहे. शेल सिल्व्हरस्टीन यांच्या ‘ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स टू गो’मध्ये फाशी जाणारा माणूस एकेक मिनिट उलटे मोजत जातो. गाण्यात विनोद आहे आणि तुरुंगातले श्रोते त्याला हसतातही. मात्र आकडे कमी होत जातात तसा हसण्याचा पोत बदलतो. असे हसू मी दुसऱ्या कोणत्याही ध्वनिमुद्रणावर ऐकलेले नाही, आणि त्याला मराठीत कोणते नाव द्यावे हे मला अजून सुचलेले नाही.

वादकांबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण जाहीर कौतुकात त्यांचा वाटा नेहमी मागे राहतो. ल्यूथर पर्किन्सची इलेक्ट्रिक गिटार, मार्शल ग्रँटचा बास आणि डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम मिळून आगगाडीच्या चाकांसारखा जो एकसंध ठेका चालतो, तोच कॅशच्या गाण्याचा कणा आहे. ल्यूथर फार थोडे सूर वाजवतो. त्याच्याहून चपळ बोटांचे गिटारवादक कंट्री संगीतात कितीतरी होऊन गेले. खालच्या तारांवरचा तो कोरडा, थोडासा दबलेला टणत्कार मात्र एकट्या ल्यूथरचा. रेकॉर्डवर तो ऐकताना गिटारच्या प्रत्येक आघाताआधी किंचित जागा मोकळी सुटते आणि त्या जागेत त्या दगडी इमारतीतला घुमारा ऐकू येतो. डिजिटल आवृत्तीत गिटार अधिक स्वच्छ आहे हे मी मान्य करते, पण हा घुमारा तिथे मला एवढा स्पष्ट जाणवला नाही. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, घराला लागलेल्या आगीत ल्यूथरचा मृत्यू झाला. हे ठाऊक असताना ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’मधला त्याचा छोटासा एकल तुकडा आला, की मी दरवेळी हातातले काम थांबवते.

‘ऑरेंज ब्लॉसम स्पेशल’ ही मुळात फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची धून. इथे कॅश ती माउथ ऑर्गनवर वाजवतो आणि रुळांवरून धावणाऱ्या गाडीचा भास घडवतो. प्रेक्षागृहात ते पाहताना जे मिळाले असेल ते केवळ आवाजातून पूर्ण मिळत नाही, म्हणून मी त्यावर अधिक काही लिहीत नाही. त्यानंतरचे ‘द लाँग ब्लॅक व्हेल’ मात्र थांबून ऐकण्यासारखे आहे. मित्राच्या पत्नीच्या मिठीत असल्याने आपला निर्दोषपणा सिद्ध करू न शकलेल्या माणसाचे हे मरणोत्तर कथन आहे. त्यातला कबुलीचा क्षण येतो तेव्हा श्रोत्यांतून दाद उमटते आणि कॅश चकित होऊन, टाळी कुणी वाजवली का, असे विचारतो. मग पहिली बाजू संपते.

बाजू पालटायला उठावे लागते, आणि या रेकॉर्डबाबत त्या अर्ध्या मिनिटाचा खरोखर उपयोग होतो. दुसरी बाजू हळव्या, कौटुंबिक वळणाने सुरू होते. ‘सेंड अ पिक्चर ऑफ मदर’मध्ये सुटून जाणाऱ्या सोबत्याला मागे राहणारा कैदी आईचा फोटो पाठवायला सांगतो. हार्लन हॉवर्ड यांच्या ‘द वॉल’मध्ये तुरुंगाची भिंत ओलांडू पाहणाऱ्या कैद्याची कहाणी आहे, आणि वर्तमानपत्रांनी ज्याला पलायनाचा प्रयत्न म्हटले ती वास्तविक आत्महत्या होती, हे सांगणाऱ्याला ठाऊक आहे. या दोन गाण्यांच्या वेळी सभागृह जवळजवळ निःशब्द आहे. इथेच नव्या सुईचा मला सर्वांत मोठा लाभ झाला. तारांवरून बोटे सरकल्याचा आवाज, कुणाचे तरी खोकणे, दूरवर कशाचा तरी खडखडाट, आणि या सगळ्याखाली शेकडो माणसांचे एका जागी बसून असणे, जे आवाज म्हणून ओळखता येत नाही पण सुई उचलली की एकदम नाहीसे होते. पहिल्या गाण्यात जोडलेला चीत्कार मी विसरायला तयार आहे. या शांततेची जोडणी कुणालाही करता आली नसती.

त्यानंतरची जॅक क्लेमंट यांची दोन विनोदी गाणी मला कधीच फारशी रुचली नाहीत. कार्यक्रमाच्या ओघात त्यांची गरज होती हे पटते, कारण ‘द वॉल’नंतर श्रोत्यांना मोकळे हसू द्यायलाच हवे होते. तरी घरी ऐकताना ती लांबल्यासारखी वाटतात. गायिका जून कार्टर ‘जॅक्सन’ या गाण्यासाठी येते तेव्हा सभागृहाचा रंग पालटतो, आणि तिच्या आवाजातली खरखरीत चढण कॅशलाही जागे करते. दीड महिन्याने, १ मार्च १९६८ रोजी, या दोघांचे लग्न झाले.

मूळ रेकॉर्डवरची सोळापैकी चौदा गाणी सकाळच्या कार्यक्रमातली आहेत. दुपारच्या कार्यक्रमातून केवळ ‘गिव्ह माय लव्ह टू रोझ’ आणि ‘आय गॉट स्ट्राइप्स’ ही दोनच घेतली गेली. २००८ साली दोन्ही कार्यक्रम विस्ताराने प्रसिद्ध झाले. त्यात दुपारचा कॅश दमलेला ऐकू येतो आणि जॉन्स्टन यांची निवड किती अचूक होती हे पटते. गायक कार्ल पर्किन्स आणि स्टॅटलर ब्रदर्स हा गायकांचा संच यांनी सुरुवातीला गायलेली गाणी, तसेच कॅशची आणखी काही गाणी त्या संचात आहेत. अभ्यासासाठी तो संच अवश्य ऐकावा. परंतु वारंवार ऐकण्यासाठी मला मूळ दोन बाजूंचाच आवाका योग्य वाटतो, कारण गंभीर, हसरे आणि पुन्हा गंभीर असा जो चढउतार त्या मोजक्या जागेत बसवला आहे तो विस्तारात पातळ होतो.

आता शेवटच्या गाण्याविषयी. ‘ग्रेस्टोन चॅपल’ हे ग्लेन शर्ली या कैद्याने लिहिले, जो सशस्त्र दरोड्यासाठी फॉल्सममध्येच शिक्षा भोगत होता. तुरुंगात येणारे धर्मोपदेशक फ्लॉइड ग्रेसेट यांनी त्याच्या गाण्याची टेप कॅशला कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ऐकवली. कॅशने ते रातोरात बसवले आणि दुसऱ्या दिवशी शर्ली पुढच्या रांगेत बसलेला असताना गायले. गाण्याआधी कॅश त्याचा उल्लेख करतो, तेव्हा उठणाऱ्या टाळ्यांना कुणाच्या सूचनेची गरज पडलेली नाही. आपल्यातल्या एकाचे गाणे आपल्यासमोर गायले जात आहे, याचा अभिमान त्यांत आहे. कॅशचा आवाज इथे थोडा चाचपडतो, कारण गाणे अजून त्याच्या गळ्यात पुरते रुळलेले नाही. मला ते चाचपडणे फार प्रिय आहे. शर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशने त्याला आपल्या कार्यक्रमांत सामावून घेतले, पण बाहेरचे जग त्याला पेलले नाही आणि १९७८ मध्ये त्याने आयुष्य संपवले. कॅश मात्र कैद्यांसाठी बोलत राहिला. १९७२ मध्ये तुरुंग सुधारणांसंबंधी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे त्याने साक्षही दिली.

या गाण्याची जागा रेकॉर्डच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. एल.पी., म्हणजे अशी मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरते. ही गती कायम असली, तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ तीच जेमतेम २० ते २२ सेंटिमीटर उरते. त्यामुळे आतल्या खाचांमध्ये तेवढाच आवाज कमी लांबीत दाटीने कोरलेला असतो आणि सुई थोडी जरी झिजलेली किंवा तिरकी बसलेली असली, तरी ‘स’, ‘श’सारखी अक्षरे फाटतात. माझ्या जुन्या सुईखाली ‘ग्रेस्टोन चॅपल’मधले साथीचे आवाज एकमेकांत कालवल्यासारखे ऐकू येत आणि मी ते ध्वनिमुद्रणातलेच दोष समजत होते. नव्या सुईने आणि नीट जुळवलेल्या आर्मने, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याने, ते आवाज सुटे झाले. इतक्या वर्षांनी मला प्रथमच त्यातले मागचे गायक वेगवेगळे ओळखता आले.

प्रत कोणती घ्यावी, हा प्रश्न साहजिकच येतो. काही वर्षांपूर्वी मी या ध्वनिमुद्रिकेची नव्याने छापलेली जाड प्रत मागवली होती. तिचा पृष्ठभाग अतिशय शांत होता, पण मधले छिद्र केंद्रापासून सरकलेले होते, त्यामुळे प्रत्येक फेरीला सूर किंचित चढत आणि उतरत असे. वेगवान गाण्यांत ते खपून गेले. ‘द लाँग ब्लॅक व्हेल’मध्ये कॅशचा लांबवलेला खर्ज पाण्यावर तरंगल्यासारखा हलू लागला तेव्हा मी ती परत केली. सगळ्याच नव्या प्रती अशा असतात असे मुळीच नाही, पण लेबलाच्या कडेकडे पाहत आर्म डावी-उजवीकडे डुलतो का, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. मूळ छपाईच्या प्रतींवर कोलंबियाचे लाल, ‘३६० साउंड’ लिहिलेले लेबल असते. त्यांतही फार वाजवलेल्या प्रती पुष्कळ आहेत, कारण ही रेकॉर्ड लोकांनी जपून ठेवली नाही, ऐकली.

कव्हरही सोबत घेण्यासारखे आहे. छायाचित्रकार जिम मार्शल यांनी टिपलेला कॅशचा घामेजलेला चेहरा बारा इंची आकारात हातात धरला, की कपाळावरचे घर्मबिंदू वेगळे मोजता येतात. मागच्या बाजूस कॅशने स्वतः लिहिलेला मजकूर आहे, ज्याला उत्कृष्ट टिपणांचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तुरुंगातला काळ कसा असतो याविषयीचा तो मजकूर रेकॉर्ड लावण्याआधी वाचावा, मध्ये वाचू नये. त्या पाऊण तासात लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये असे मला वाटते.

जुनी प्रत विकत घेण्याआधी ऐकून पाहण्याची मुभा मिळाली, तर पहिले गाणे लावून घेऊ नका. बाहेरच्या कडेच्या खाचांवर जवळजवळ प्रत्येक प्रत चांगलीच वाजते. सरळ दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्यावर सुई ठेवायला सांगा, कॅश शर्लीविषयी बोलतो तिथे, आणि त्यापुढचे साथीचे आवाज फाटत नसतील तर ती प्रत घ्या.